खाट रिकामी राहत नाही

स्मरणिकेच्या संपादक मंडळाने लेख मागितला, तेव्हा इतिहासाच्या शिक्षकाने वसतिगृहाच्या जडणघडणीवर लिहावे अशी त्यांची अपेक्षा असावी. तो इतिहास माझ्यापेक्षा ज्येष्ठ मंडळींनी यापूर्वी उत्तम लिहून ठेवला आहे. मी यंदा वेगळाच विषय घेतो आहे. वर्षानुवर्षे डायलिसिसवर जगणाऱ्या रुग्णांची काळजी घेणारे जे डॉक्टर आहेत, त्यांच्यावर येणाऱ्या कामाच्या ताणाविषयी मला लिहायचे आहे. या विषयाशी माझा संबंध दोन बाजूंनी आला. माझी थोरली बहीण, आमची आक्का, डिसेंबर २०१६ पासून जून २०२१ पर्यंत डायलिसिसवर होती आणि आठवड्यातून दोनदा तिच्यासोबत जाण्याची जबाबदारी माझ्याकडे होती. शिवाय आपल्याच विद्यालयात शिकलेला एक विद्यार्थी आज मूत्रपिंडविकारतज्ज्ञ म्हणून काम करतो. त्याच्या इच्छेला मान देऊन त्याचे नाव लिहीत नाही. त्याच्याशी गेल्या काही वर्षांत जे बोलणे झाले, त्यातून आक्काच्या डॉक्टरांचे वागणे मला नंतर नंतर उलगडत गेले.

ज्यांच्या घरी हा आजार आला नाही, त्यांच्यासाठी थोडे सांगणे आवश्यक आहे. मूत्रपिंडे कायमची निकामी झाली की रक्तातील टाकाऊ द्रव्ये आणि जादा पाणी शरीरातच साचते. मग हातातील खास तयार केलेल्या रक्तवाहिनीत दोन जाड सुया घालून रक्त बाहेर काढावे लागते. ते गाळणीतून फिरवून पुन्हा शरीरात सोडतात. मिनिटाला साधारण पाव लिटर रक्त या वेगाने हे चार तास चालते. गाळणीच्या दुसऱ्या अंगाने त्या चार तासांत सुमारे १२० लिटर शुद्ध केलेले पाणी वाहून जाते. आठवड्यातून तीनदा हे व्हावे असे शास्त्र सांगते. आपल्याकडे पुष्कळांचे दोनदाच होते. यातून रुग्ण बरा होत नाही. त्याला पुढचे दोन-तीन दिवस मिळतात, आणि मग तो पुन्हा त्याच दारात उभा राहतो.

आक्काचे केंद्र विदर्भातील एका जिल्ह्याच्या ठिकाणी होते. दहा मशीन होती. त्यांतले एक हेपॅटायटिस सी झालेल्या रुग्णांसाठी वेगळ्या खोलीत ठेवलेले. सकाळी सहा, अकरा आणि दुपारी चार अशा तीन पाळ्या. रविवारी बंद. शाळा सुटल्यावर मला येता यावे म्हणून आक्काने सोमवार आणि गुरुवारची शेवटची पाळी मागून घेतली होती. तज्ज्ञ डॉक्टर एकच. वय चाळिशीच्या आसपास. साठ किलोमीटरवरच्या दुसऱ्या गावातले आणखी एक केंद्रही त्यांच्याकडेच होते. ते नसत तेव्हा नुकताच एमबीबीएस झालेला एक तरुण वैद्यकीय अधिकारी, दोन सिस्टर आणि तंत्रज्ञ एवढ्यांवर सारा कारभार चाले.

बाहेरच्या माणसाला हे काम शांततेचे वाटते. खाटांवर माणसे पडलेली, यंत्रे एका लयीत गुणगुणत असलेली, कोणी मोबाइलवर सिनेमा पाहत असलेले. शस्त्रक्रियागृहासारखी धावपळ येथे दिसत नाही. पण मी तेथे बसून पाहिलेले असे की, मधूनच एखाद्याचा रक्तदाब एकाएकी कोसळतो, कोणाच्या पोटरीत गोळा येऊन तो किंचाळतो, कोणाला हुडहुडी भरते. आणि त्या वेळी इतर नऊ जणांचे रक्तही शरीराबाहेर फिरत असते. पाण्याची चिंता निराळीच. १९९६ मध्ये ब्राझीलमधील कारुआरू या शहरातल्या एका डायलिसिस केंद्रात जलाशयातल्या शेवाळवर्गीय जीवाणूंचे विष गाळणीच्या पाण्यातून रुग्णांच्या रक्तात गेले आणि पन्नासच्या आसपास माणसे दगावली. आमच्या डॉक्टरांना ही घटना ठाऊक होती. तंत्रज्ञाने पाण्यातील क्लोरिन तपासून वहीत सही केली असली, तरी केंद्रात आले की ते आधी पाणी शुद्ध करणाऱ्या यंत्राच्या खोलीत जात आणि मग रुग्णांकडे येत.

तरीही खरा ताण या धोक्यांचा नसावा, असे माझे मत झाले आहे. धोका प्रत्येक डॉक्टरच्या वाट्याला येतो. येथे वेगळे आहे ते नाते. इतर डॉक्टरांचा रुग्ण बरा होऊन घरी जातो, किंवा जगाचा निरोप घेतो, किंवा मोठ्या रुग्णालयात पाठवला जातो. डायलिसिसचा रुग्ण परत येतो. आक्का त्या केंद्रातील खाटेवर साडेचारशेहून अधिक वेळा झोपली. त्यांतल्या निम्म्या वेळाच डॉक्टर फेरीला आले असे धरले, तरी तेवढ्या काळात तिच्या सख्ख्या धाकट्या भावाने, म्हणजे पुण्यात असलेल्या आमच्या लहान्याने, तिला इतक्यांदा पाहिलेले नाही. तिच्या नातीचे बाळंतपण, सुनेचा रुसवा, घरकुलाचा अडकलेला हप्ता, सारे डॉक्टरांना माहीत होते. ते तिला मावशी म्हणत. आणि या मावशीचे काय होणार आहे, हेही त्यांना पहिल्या दिवसापासून माहीत होते.

या नात्यातले सर्वांत अवघड काम पहारेकऱ्याचे. गुरुवारची पाळी झाली की सोमवारपर्यंत आक्काच्या शरीरात पाणी साचत जाई. सोमवारी काट्यावर उभे राहायचे आणि डॉक्टरांनी वजनाचा आकडा पाहून कपाळाला आठ्या घालायच्या, हा क्रम ठरलेला. दिवसाला पाणी, चहा, वरण धरून एक लिटरच्या आत. नारळपाणी नको, केळी नकोत, लोणचे-पापड नकोत. विदर्भातला मे महिना, पारा पंचेचाळिसाला टेकलेला, आणि शेतमजुरी करून हयात घालवलेल्या बाईला कोणी सांगायचे की तहान लागली तरी पिऊ नका! एका सोमवारी वजन साडेतीन किलो वाढले होते. डॉक्टर रागावले. आक्का उसळून म्हणाली, "आमच्या बापजाद्याईले पाणी पिऊ देलं नाही लोकाईनं, आता तुमी बी?" सारी खोली गप्प झाली. डॉक्टर काही वेळ खाटेच्या कडेला बसून राहिले. मग म्हणाले, "मावशी, बर्फाचा एक खडा तोंडात ठेवत जा. तेवढा चालेल." त्यांना त्या संध्याकाळी अजून सहा जणांचे वजन पाहायचे होते आणि त्यांतल्या चौघांना रागवायचे होते. माझा विद्यार्थी सांगतो, "सर, दिवसभर लोकांना नाही म्हणून म्हणून घरी गेलो की मुलीने आईस्क्रीम मागितलं तरी आधी तोंडातून नाही निघतं."

आमच्या पाळीत चार नंबरच्या खाटेवर एसटीतून निवृत्त झालेले एक वाहक असत. सहा वर्षे डायलिसिसवर होते. केंद्रातले सर्वांत जुने रुग्ण म्हणून नव्याने येणाऱ्यांना धीर देण्याचे काम जणू त्यांच्याकडेच सोपवलेले होते. एका बुधवारी रात्री ते घरीच गेले. गुरुवारी आम्ही पोहोचलो तेव्हा त्या खाटेवर प्रतीक्षायादीतला एक तरुण होता. मानेत तात्पुरती नळी, डोळ्यांत भीती. डॉक्टर त्याला पथ्य समजावून सांगत होते; सहा वर्षांपूर्वी वाहककाकांना सांगितले असेल तेच, त्याच क्रमाने. आक्काने विचारले, "काका?" डॉक्टरांनी नुसती मान हलवली. नंतर ते पाण्याच्या यंत्राच्या खोलीत गेले आणि बराच वेळ आले नाहीत. तंत्रज्ञ हळूच म्हणाला, कोणी गेले की साहेब तिथे जाऊन उभे राहतात. शोकाला तेवढीच जागा होती. खाट रिकामी ठेवता येत नाही, कारण प्रतीक्षायादीतला माणूस रिकाम्या खाटेचीच वाट पाहत असतो. आता याला कोणाचा निष्ठूरपणा म्हणायचे?

यादी दिसली की ती कोणी केली हे विचारण्याची खोड इतिहासाच्या माणसाला असते. डायलिसिसच्या इतिहासात अशी एक यादी फार गाजली. नेदरलँड्समधील कांपेन येथे, जर्मनांच्या ताब्यातल्या देशात, विलेम कोल्फ या डॉक्टरांनी १९४३ मध्ये सॉसेजच्या वेष्टनासाठी वापरली जाणारी सेलोफेनची नळी ढोलावर गुंडाळून कृत्रिम मूत्रपिंड तयार केले. त्यांचे पहिले पंधरा-सोळा रुग्ण वाचले नाहीत. १९४५ मध्ये एक वृद्ध स्त्री वाचली. पण हा उपाय तात्पुरत्या बिघाडापुरताच होता. प्रत्येक वेळी नवी रक्तवाहिनी लागे आणि काही वेळांनंतर वाहिन्याच उरत नसत. अमेरिकेत सिअॅटल येथे बेल्डिंग स्क्रिबनर यांना एका रुग्णाला यंत्रावर हुशारी आल्यानंतरही घरी मरणासाठी पाठवावे लागले. त्या बेचैनीतून त्यांना हातात कायम बसवून ठेवता येईल अशी टेफ्लॉनची नळी सुचली, असे ते पुढे सांगत. मार्च १९६० मध्ये क्लाइड शील्ड्स या कारागिराला ती बसवली आणि तो पुढे अकरा वर्षे जगला. कायमचे डायलिसिस तेथून सुरू झाले. ही सारी उपचारशाखाच एका डॉक्टरच्या अस्वस्थतेतून जन्मली, याकडे वैद्यकाचे विद्यार्थी फारसे पाहत नसावेत.

१९६२ च्या प्रारंभी सिअॅटलचे केंद्र सुरू झाले तेव्हा यंत्रे मोजकी आणि मरणोन्मुख रुग्ण पुष्कळ. कोणाला यंत्र द्यायचे हे ठरवण्यासाठी सात जणांची समिती नेमली गेली. तिच्यात वकील, धर्मोपदेशक, बँकेतला अधिकारी, गृहिणी, कामगार पुढारी असे सामान्य नागरिक होते आणि डॉक्टर एकच, तोही शल्यविशारद. समितीची नावे गुप्त होती. वय, उत्पन्न, शिक्षण, मुलाबाळांची संख्या, चर्चला जाणे-न जाणे, अशा गोष्टी ती तपासत असे. नोव्हेंबर १९६२ मध्ये 'लाइफ' साप्ताहिकात शाना अलेक्झांडर यांचा लेख आला आणि देशभर वाद उसळला. जगण्याची लायकी समाजमान्यतेच्या मापाने मोजली जात होती, ही टीका रास्तच होती. आपल्याला तर अशा मापाचा अनुभव पिढ्यान्‌पिढ्यांचा. पण त्या समितीमागचा एक हेतू दुर्लक्षित राहिला आहे. रुग्णाजवळच्या डॉक्टरवर निवडीचे ओझे पडू नये, म्हणून ते समाजाने उचलले होते. १९७१ मध्ये शेप ग्लेझर या रुग्णाने अमेरिकी प्रतिनिधिगृहाच्या समितीसमोर यंत्राला जोडलेल्या अवस्थेत साक्ष दिली. १९७२ च्या कायद्याने जवळजवळ सर्व रुग्णांचा खर्च सरकारने स्वीकारला आणि निवडीची गरज संपली.

आपल्याकडे तशी समिती कधी बसली नाही. निवड मात्र होत राहिली, आणि ती एकट्या डॉक्टरच्या टेबलावर होत राहिली. महाराष्ट्रात आता महात्मा जोतिराव फुले यांच्या नावाच्या जन आरोग्य योजनेत डायलिसिस होते आणि २०१६-१७ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रमाची घोषणा झाल्यापासून जिल्हा रुग्णालयांतून केंद्रे निघाली. हा मोठा दिलासा आहे. योजना नसती तर आक्का सहा महिनेही निघाली नसती. पण पिवळे कार्ड दाखवून यंत्र मिळाले तरी एसटीचे भाडे, बुडालेली मजुरी, रक्तवाढीची इंजेक्शने, सोबत येणाऱ्याचा दिवस, याचा हिशेब कोण मांडणार? कापूस वेचणीच्या दिवसांत रुग्ण गैरहजर राहतात. सोबत यायला घरात माणूस नसतो. तो रुग्ण चार-पाच दिवसांनी धापा टाकत येतो, तेव्हा कोणाची तरी पाळी मागे ढकलून त्याला खाटेवर घ्यावे लागते. कोणाची ढकलायची? तिसरी पाळी कोणाला द्यायची आणि कोणाला दोनवरच भागवायला सांगायचे? सिअॅटलच्या सात जणांचे काम आमचे डॉक्टर आरोग्यमित्राच्या टेबलाशेजारी उभ्या उभ्या करत, आणि ज्याला नाही म्हटले तो परवा पुन्हा समोर येणार असे.

२०१८ च्या अशोक विजयादशमीला आक्काला नागपूरला जायचे होते आणि तो दिवस गुरुवार होता. डॉक्टरांनी तिच्यासाठी बुधवारी रात्री साडेआठला चौथी पाळी लावली. अशा आठ जणी होत्या. सिस्टर आणि तंत्रज्ञ थांबले, डॉक्टरही थांबले. मध्यरात्र उलटली. दुसऱ्या दिवशी सकाळी सहाची पाळी नेहमीप्रमाणे होती. आम्ही दीक्षाभूमीवर होतो तेव्हा ते साठ किलोमीटरवरच्या दुसऱ्या केंद्राकडे निघाले असणार. हा चांगुलपणा कोणत्याही तक्त्यात नोंदला जात नाही आणि त्याची विश्रांतीही कोणी देत नाही.

मूत्रपिंडरोपणाची गोष्ट काढली की आणखी एक ओझे येते. आपल्या देशात जिवंतपणी मूत्रपिंड देणाऱ्यांत स्त्रियाच अधिक असतात. बहुधा आई किंवा पत्नी. १९९४ च्या अवयव प्रत्यारोपण कायद्याने संमतीची तपासणी बंधनकारक केली आहे. पण समितीपुढे जाण्याच्या कितीतरी आधी ती बाई डॉक्टरांसमोर बसलेली असते, मागे सासू उभी असते, आणि बाई म्हणते, "देते मी." त्या दोन शब्दांतली इच्छा किती आणि दडपण किती, हे डॉक्टरला ओळखायचे असते. माझा विद्यार्थी अशा वेळी घरच्यांना बाहेर पाठवतो. बाई नको म्हणाली तर तपासणीत दोष निघाला एवढेच बाहेर सांगतो. तिचा नकार तो आपल्यापाशी ठेवतो. नवऱ्याचे डायलिसिस पुढे चालू राहते आणि दर फेरीला तो नवरा त्याला विचारतो, "दुसरं काही होऊ शकेल का?"

अशा कामाने येणाऱ्या थकव्याला इंग्रजीत बर्नआउट म्हणतात. आतून जळून संपणे. हर्बर्ट फ्रॉइडनबर्गर यांनी १९७४ मध्ये या शब्दाला शास्त्रीय चर्चेत आणले. क्रिस्टिना मॅस्लाक यांनी त्याची तीन अंगे सांगितली: भावना आटून जाणे, समोरच्या माणसाकडे वस्तू म्हणून पाहू लागणे, आणि आपल्या हातून काहीच होत नाही असे वाटणे. "चार नंबरचं वजन काय?" हे वाक्य मी पुष्कळदा ऐकले होते. तेव्हा ते खटके. आता वाटते, नावाऐवजी नंबर उच्चारणे हा कातडी जाड करून घेण्याचा केविलवाणा प्रयत्न असावा, आणि आमच्या डॉक्टरांना तो नीटसा जमलाही नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये बर्नआउटची नोंद करताना त्याला आजार म्हटलेले नाही. कामाच्या ठिकाणी उद्भवणारी बाब म्हटले आहे. हा भेद मला फार महत्त्वाचा वाटतो. आजार म्हटले की औषध माणसाला द्यायचे. कामाच्या ठिकाणची बाब म्हटले की प्रश्न विचारायचे ते कामाच्या व्यवस्थेला: एका तज्ज्ञामागे किती खाटा, किती गावे, किती रात्री?

आपल्या घरांतून गेलेल्या डॉक्टरांवर याशिवाय आणखी काही लादलेले असते, आणि ते आपण लादलेले असते. माझा विद्यार्थी त्याच्या वस्तीतला पहिला डॉक्टर. एमबीबीएस, एमडी आणि मग तीन वर्षांचे डीएम. शिकताना 'आरक्षणातून आलास' हे टोमणे त्याने ऐकले आणि गिळले. आता रात्री अकरानंतर गावाकडचे फोन येतात. कोणाच्या सोनोग्राफीचा अहवाल, कोणाला नागपुरात खाट हवी. तो प्रत्येकाला उत्तर देतो. थकलो असे तो आईलाही सांगत नाही, कारण त्या माउलीने त्याच्यासाठी दुसऱ्यांच्या घरची धुणीभांडी केली आहेत आणि तिच्या लेखी एसीत बसणारा माणूस थकत नाही. "सर, मी थकलो म्हटलं तर लोकांना वाटेल, एवढं शिकवून फुकट गेलं," असे तो मला म्हणाला. तीस वर्षे शिकवण्याच्या व्यवसायात काढली, पण या वाक्याला मला उत्तर देता आले नाही.

मारहाणीच्या घटनांवर येथे फार लिहीत नाही. महाराष्ट्रात २०१० पासून त्याविरुद्ध स्वतंत्र कायदा आहे. तरीही मार्च २०१७ मध्ये धुळ्यात एका निवासी डॉक्टरला जबर मारहाण झाली आणि राज्यभरचे निवासी डॉक्टर कामावरून दूर राहिले. डायलिसिस मात्र संपातही थांबवता येत नाही. २०२० च्या उन्हाळ्यात हेच पुन्हा दिसले. शाळा बंद, न्यायालये बंद, आमचे केंद्र चालू. पीपीई घालून चार चार तास पाण्याशिवाय वावरणाऱ्या डॉक्टरांना पाहून आक्का म्हणाली होती, "आता समजलं असंन त्याईले तहान काय असते थे." ती ते कुचेष्टेने म्हणाली नव्हती.

जून २०२१ मध्ये आक्का गेली. पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम रविवारी होता. डॉक्टर आले, मागच्या रांगेत बसले आणि कार्यक्रम संपेपर्यंत थांबले. जाताना त्यांनी सांगितले की, ते सहसा कोणाकडे जात नाहीत. जायचे ठरवले तर दर महिन्याला जावे लागेल. तीन महिन्यांनी त्यांनी दुसरे केंद्र सोडले आणि तेथे वेगळा डॉक्टर आला, असे तंत्रज्ञाकडून कळले. सोडण्यापूर्वी दीड वर्ष ते मदतनीस मागत होते. तो मिळाला तो त्यांनी राजीनाम्याची भाषा केल्यावर.

माजी विद्यार्थी मेळाव्यात दरवर्षी आपण नव्या डॉक्टरांचा शाल आणि पुस्तक देऊन सत्कार करतो. तो व्हावाच. पण वैद्यकीय सेवेतले आपले माजी विद्यार्थी, त्यांत सिस्टर आणि तंत्रज्ञ म्हणून काम करणारेही आले, यांच्यासाठी एक वेगळी बैठक असावी, अशी सूचना मी मेळावा समितीकडे दिली आहे. माइक नको, पाहुणे नकोत, पालकही नकोत. जेवण वसतिगृहाच्या खानावळीतले. ज्याला बोलायचे तो बोलेल, ज्याला झोपायचे तो वरच्या मजल्यावर झोपेल. दिवस रविवारच ठेवावा, असे माझ्या विद्यार्थ्याने कळवले आहे. शनिवारी त्याची शेवटची पाळी रात्री आठला संपते आणि सोमवारी सकाळी सहाला पहिली सुरू होते.